फोनवरच्या साहेबाला नाही कसं म्हणायचं

४ ऑक्टोबर २०१६ च्या रात्री ठाणे पोलिसांचा मोठा ताफा मीरा रोडला पोहोचला. तिथल्या काही इमारतींत रात्रपाळीची कॉल सेंटर चालू होती. कानाला हेडफोन लावलेली विशी-बाविशीतली शेकडो मुलं अमेरिकेतल्या घरांत फोन लावत होती. प्रत्येकानं अमेरिकन नाव घेतलेलं, हुद्दा तिथल्या आयकर खात्यातला, आणि सांगणं एकच: तुम्ही कर चुकवला आहे, आत्ताच्या आत्ता पैसे भरा, नाहीतर पोलिस दारात येतील. घाबरलेली माणसं दुकानात जाऊन गिफ्ट कार्ड विकत घ्यायची आणि त्यावरचे आकडे फोनवर वाचून दाखवायची. त्या रात्री सुमारे सातशे जणांची चौकशी झाली, सत्तर जणांना अटक झाली. पोलिसांनी ज्याला मुख्य सूत्रधार म्हटलं तो सागर ठक्कर एप्रिल २०१७ मध्ये दुबईहून परतताना मुंबई विमानतळावर सापडला. छाप्याच्याच महिन्यात, २७ तारखेला, अमेरिकेच्या न्याय विभागानं अशाच फसवणुकीबद्दल एकूण ६१ व्यक्ती आणि संस्थांवर आरोप ठेवले. त्यात अहमदाबादची पाच कॉल सेंटर होती.

आता फोन उलट दिशेनं येतो. ज्या शहरातून अमेरिकेला दरडावलं जात होतं, त्याच मीरा-भाईंदरमधल्या घरांत आज ‘सीबीआय’, ‘ईडी’, ‘कस्टम्स’ नाहीतर ‘मुंबई क्राइम ब्रँच’ बोलते. तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडलेत, तुमच्या आधार कार्डावर उघडलेल्या खात्यातून काळा पैसा फिरलाय, तुम्हाला ‘डिजिटल अरेस्ट’ केली आहे, कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही. २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांना या प्रकारावर बोलावं लागलं. १ डिसेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं अशा प्रकरणांचा तपास सीबीआयकडे सोपवला. प्रकरण किती पसरलंय ते यावरून समजावं.

अशी बातमी वाचली की घरोघरी पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते: शिकली-सवरलेली माणसं इतकी भोळी कशी? हा प्रश्नच चुकीचा आहे, आणि तो विचारत राहिल्यामुळेच पुढचा माणूस बेसावध राहतो. दामदुप्पट योजनेत फसणाऱ्याबद्दल लोभाचं कारण निदान पुढे करता येतं. इथे लोभाचा पत्ताच नाही. कायदा मानणारा, सरकारी पत्र आलं की दचकणारा, आयुष्यात कधी पोलिस ठाण्याची पायरी न चढलेला माणूस या सापळ्यात सगळ्यात आधी अडकतो. ऑगस्ट २०२४ मध्ये लुधियानाच्या वर्धमान समूहाचे अध्यक्ष एस. पी. ओसवाल यांच्यासारखे, आयुष्यभर मोठा उद्योग चालवलेले गृहस्थ सात कोटी रुपये गमावून बसले. त्यांच्यासमोर व्हिडिओवर चक्क सर्वोच्च न्यायालयाची खोटी सुनावणी उभी केली होती, सरन्यायाधीशांच्या तोतयासकट. अशा माणसाला भोळा म्हणून विषय मिटत नाही. इथे आज्ञापालनाची सवय काम करते, आणि मानसशास्त्रानं तिचा साठ वर्षांहून अधिक काळ अभ्यास केला आहे.

त्या अभ्यासाची सुरुवात १९६१ ची, अमेरिकेतल्या येल विद्यापीठातली. स्टॅन्ली मिलग्रॅम या तरुण प्राध्यापकानं वर्तमानपत्रात जाहिरात देऊन साधी माणसं बोलावली. टपाल कारकून, शिक्षक, विक्रेते, मजूर. तासाभराच्या कामाचे चार डॉलर आणि गाडीभाड्याचे पन्नास सेंट. काम असं की पलीकडच्या खोलीतल्या ‘विद्यार्थ्या’ला शब्दांच्या जोड्या विचारायच्या आणि उत्तर चुकलं की विजेचा झटका द्यायचा. समोरच्या यंत्रावर ३० बटणं होती, १५ व्होल्टपासून ४५० पर्यंत, दर वेळी १५ नं चढत जाणारी. झटके खोटे होते, विद्यार्थी ठरवून बसवलेला होता. पण बटण दाबणाऱ्याला ते माहीत नव्हतं. तो कचरला की करड्या कोटातला प्रयोगकर्ता शांतपणे म्हणायचा, पुढे चालू ठेवा. मिलग्रॅमनं आधी मनोविकारतज्ज्ञांना अंदाज विचारला होता. हजारात एखादा शेवटपर्यंत जाईल असं त्यांचं मत पडलं. १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या प्रयोगात ४० पैकी २६ जण शेवटच्या बटणापर्यंत गेले. त्यांना मजा येत नव्हती. घाम फुटत होता, हात थरथरत होते, काही जण विचित्र हसत होते. आणि बटणं दाबत होते.

या प्रयोगावर पुढे टीकाही झाली, आणि ती रास्त आहे. जीना पेरी या ऑस्ट्रेलियन लेखिकेनं जुन्या ध्वनिफिती तपासून दाखवलं की प्रयोगकर्ता नेमून दिलेल्या चार वाक्यांपलीकडे जाऊन लोकांवर दबाव आणत होता, आणि अनेकांना झटके खोटे असल्याची शंका आली होती. त्यामुळे २६ चा आकडा म्हणजे माणसाचा कायमचा स्वभाव असं कोणी मानू नये. वाचकाच्या कामाचं खरं सोनं त्या आकड्यात नाहीच. मिलग्रॅमनं तोच प्रयोग मांडणी बदलून पुन्हा पुन्हा केला. मांडणी बदलली की आज्ञापालन कोसळत होतं. कुठल्या बदलानं ते कोसळतं हे समजलं, तर फोनवरच्या साहेबाला कुठे गाठायचं हेही समजतं.

एक बदल आजच्या विषयाला थेट भिडणारा आहे. प्रयोगकर्ता खोलीतून निघून गेला आणि फोनवरून आज्ञा देऊ लागला, तेव्हा जेमतेम पाचातला एक जण शेवटपर्यंत गेला. काहींनी तर फोनवर ‘हो, वाढवतोय’ म्हणत मुद्दाम कमी व्होल्टचं बटण दाबलं. म्हणजे नुसता फोन हे हुकमतीचं दुबळं हत्यार आहे. मग आजचे ठग फोनवरून करोडो रुपये कसे काढतात? त्यांनी ती उणीव बरोबर ओळखली आहे. म्हणूनच ते पाच-दहा मिनिटांत व्हिडिओ कॉलवर यायला सांगतात. पडद्यावर गणवेश, मागे राजमुद्रा, टेबलावर फायली, आणि हातात मोबाइलवर आलेलं शिक्क्यांचं पत्र. गणवेशाची जादू नवी नाही. लिओनार्ड बिकमन यांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या प्रयोगात, रस्त्यावरच्या माणसांनी साध्या कपड्यातल्या इसमापेक्षा पहारेकऱ्याच्या गणवेशातल्या इसमाचं कितीतरी अधिक ऐकलं. काम मात्र त्या पहारेकऱ्याच्या अधिकारातलं नव्हतंच.

त्यामुळे पहिला नियम सोपा आणि ठाम ठेवावा. अनोळखी क्रमांकावरचा व्हिडिओ कॉल उचलायचा नाही, आणि चालू असलेला आवाजी कॉल व्हिडिओवर न्यायचा नाही. कॅमेरा नसला की साहेब पुन्हा नुसता आवाज उरतो.

दुसरी गोष्ट पायऱ्यांची. मिलग्रॅमचं यंत्र एकदम ४५० व्होल्टपासून सुरू झालं असतं, तर बहुतेक जण उठून गेले असते. पंधरा-पंधरानं चढताना आधीच्या बटणात आणि पुढच्या बटणात फरक वाटत नाही, आणि आधीचं दाबलं म्हटल्यावर पुढचं नाकारायला कारण सापडत नाही. १९६६ मध्ये फ्रीडमन आणि फ्रेझर यांनी कॅलिफोर्नियात हेच निरुपद्रवी वाटणाऱ्या मागणीनं दाखवलं. घरासमोर ‘जपून गाडी चालवा’ असा भला मोठा बेढब फलक लावू द्याल का, असं एकदम विचारलं तर शंभरातले सतरा जण हो म्हणाले. आधी त्याच विषयाचा छोटासा कागद खिडकीत लावून घेतला आणि काही दिवसांनी फलकाचं विचारलं, तर शंभरातले शहात्तर. खोट्या साहेबाचा फोनही असाच चढतो. आधी फक्त नाव नक्की करा. मग आधारचे शेवटचे चार आकडे. मग दार लावून घ्या. मग बँकेत किती आहेत ते ‘पडताळणीसाठी’ सांगा. पैशांची गोष्ट निघते तोवर माणूस दहा वेळा हो म्हणून बसलेला असतो.

नेमकं कुठल्या पायरीवर थांबावं, याचंही उत्तर संशोधनात आहे. डॉमिनिक पॅकर यांनी २००८ मध्ये मिलग्रॅमच्या आठ प्रयोगांची आकडेवारी एकत्र तपासली. ज्यांनी नकार दिला त्यांतले सगळ्यात जास्त जण १५० व्होल्टला थांबले होते, म्हणजे पलीकडचा माणूस पहिल्यांदा ‘मला सोडा’ म्हणाला तिथे. ती पायरी ओलांडली की परतणं अवघड होत गेलं. डिजिटल अरेस्टच्या फोनमध्ये ही १५० व्होल्टची पायरी हमखास येते, आणि ती ओळखायला कायद्याची पदवी लागत नाही. ‘हे कोणालाही सांगायचं नाही’ हे वाक्य कानावर पडलं की समजावं, थांबण्याची जागा आली. मुलाला सांगू नका, बायकोला सांगू नका, गोपनीय तपास आहे. तिथे फोन ठेवायचा.

ठगांना एवढी गुप्तता का लागते? कारण तिसरा माणूस खोलीत आला की हा खेळ मोडतो. मिलग्रॅमच्या एका प्रयोगात आणखी दोघे ‘शिक्षक’ सोबत बसवले होते आणि ते मध्येच उठून नाही म्हणाले. त्यानंतर ४० पैकी फक्त चौघे शेवटपर्यंत गेले. अमेरिकेतल्याच एका रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ चार्ल्स हॉफलिंग यांनी १९६६ मध्ये पाहिलं की, न पाहिलेल्या डॉक्टरनं फोनवर सांगितलेला, डबीवर छापलेल्या कमाल मात्रेच्या दुप्पट डोस द्यायला २२ पैकी २१ परिचारिका निघाल्या. त्यांना वेळीच अडवण्यात आलं. १९७७ मध्ये रँक आणि जेकबसन यांनी दोन गोष्टी बदलल्या: औषध ओळखीचं ठेवलं, आणि सहकाऱ्यांशी बोलायला मोकळीक दिली. मग १८ पैकी १६ जणींनी डोस दिला नाही. परिचारिका अधिक धीट झाल्या नव्हत्या. त्यांना विचारायला कोणीतरी होतं.

अमेरिकेतच केंटकी राज्यात २००४ मध्ये पोलिस अधिकारी असल्याची बतावणी करणाऱ्या एका माणसानं फोनवरून एका मॅकडोनाल्डमधल्या माणसांकडून चोरीच्या संशयावरून एका तरुण मुलीची झडती आणि नंतर अत्यंत घृणास्पद कृत्यं करवून घेतली. तासन्‌तास तो प्रकार चालू राहिला. ते थांबलं ते एका देखभाल कामगारामुळे. त्यानं फोन कानाला लावला, ऐकलं, आणि हे मी करणार नाही म्हणाला. त्यानंतरच तिथल्या व्यवस्थापिकेनं वरिष्ठांना फोन करून खात्री केली.

मीरा-भाईंदरच्या बाबतीत तिसऱ्या माणसाची ही उणीव विशेष काळजीची आहे. २०११ च्या जनगणनेत आठ लाखांहून अधिक वस्तीचं हे शहर सकाळी चर्चगेटच्या लोकलनं अर्धंअधिक रिकामं होतं. शांतीनगर असो, पूनमसागर असो की भाईंदर पूर्वेच्या चाळीच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारती, दिवसभर फ्लॅटमध्ये आजी किंवा आजोबा एकटे, फार तर दोघं. मुलगा अंधेरीला, सून लोअर परळला, नातू कॉलेजात. ठगाला हवा असलेला एकांत इथे आयता तयार असतो. त्यामुळे तिसरा माणूस आधीच नेमून ठेवावा लागतो.

हे नेमणं आज रात्री जेवताना करता येईल. पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाच्या संशोधनाचा निष्कर्ष असा की ‘मी सावध राहीन’ अशा मोघम निश्चयापेक्षा ‘अमुक घडलं तर मी तमुक करीन’ असं ठरवलेलं ऐन वेळी कितीतरी जास्त उपयोगी पडतं. घाबरलेल्या डोक्याला तेव्हा विचार करावा लागत नाही, ठरलेलं पार पाडायचं असतं. म्हणून घरातल्या सगळ्यांनी मिळून एकच वाक्य ठरवावं: पोलिस, कोर्ट किंवा बँक म्हणून फोन आला, तर मी फोन ठेवीन आणि आधी सुनीलला लावीन. सुनीलच्या जागी ज्याचं त्याचं माणूस. तो उचलत नसेल तर दुसरं नाव कोणाचं, तेही त्याच वेळी ठरवावं. मोठ्या अक्षरांत कागदावर लिहून फ्रीजवर चिकटवावं. लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही.

फोन ठेवताना काय बोलायचं तेही आधी तोंडपाठ हवं, कारण आपल्याकडे मोठ्या आवाजातल्या माणसाचा फोन मध्येच ठेवणं उद्धटपणाचं मानलं जातं आणि त्या संकोचावर ठग जगतात. एवढं पुरे: “मी माझ्या मुलाला घेऊन पोलिस ठाण्यात येते. ठेवते.” त्यापुढे एक शब्द नाही. त्यांचं खरं नाव विचारणं, त्यांना खोटं पाडणं, शिव्या देणं, हे सगळं टाळावं. वाद म्हणजे संभाषण, आणि संभाषण लांबलं की त्यांचीच सरशी. मिलग्रॅमच्या पुस्तकात जर्मनीत वाढलेल्या एका वैद्यकीय तंत्रज्ञ बाईचं वर्णन आहे. २१० व्होल्टला ती थांबली. आरडाओरडा नाही, थरथर नाही. मी पुढे जाणार नाही, एवढं शांतपणे सांगून मोकळी झाली. बहुतेक सगळेच असे वागतील, असं मिलग्रॅमला सुरुवातीला वाटलं होतं. नकाराचा असा सराव घरात मोठ्यानं बोलून करावा. नातवानं साहेब व्हावं, आजीनं फोन ठेवावा.

तिसरा माणूस हवा, हे कायदाही सांगतो, आणि प्रत्येक नागरिकाला हा भाग शाळेतच शिकवायला हवा होता. डी. के. बासू खटल्यात १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अटकेचे नियम घालून दिले. अटक करणाऱ्या पोलिसाची ओळख स्पष्ट दिसली पाहिजे. अटकेचा पंचनामा जागेवर झाला पाहिजे आणि त्यावर कुटुंबातल्या किंवा परिसरातल्या एका तरी माणसाची साक्षीदार म्हणून सही हवी. अटकेची खबर नातेवाइकाला किंवा मित्राला मिळाली पाहिजे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत या तरतुदी आल्या आहेत. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ प्रमाणे अटक झालेल्याला चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभं करावं लागतं आणि वकील मिळण्याचा हक्क असतो. अपवादात्मक परिस्थिती वगळता सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी स्त्रीला अटक करता येत नाही. चौकशीला बोलावण्याची नोटीस व्हॉट्सॲपवर पाठवून चालत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२५ मध्ये बजावलं आहे. म्हणजे खऱ्या अटकेत कायदा स्वतःहून तिसरा माणूस आणतो. जो ‘साहेब’ तिसऱ्या माणसाला नको म्हणतो, तो कायद्याचा माणूस असूच शकत नाही.

धमकीपेक्षा गोड बोलणं जास्त धोक्याचं, हे सहसा कोणी सांगत नाही. जेरी बर्गर यांनी मिलग्रॅमचा प्रयोग सौम्य रूपात पुन्हा केला आणि लोकांनी कुठल्या वाक्यानंतर नकार दिला ते तपासलं. ‘प्रयोगासाठी तुम्ही पुढे जाणं आवश्यक आहे’ म्हटलं की बरेच जण पुढे जात होते. ‘तुम्हाला दुसरा पर्यायच नाही’ अशी सरळ आज्ञा झाली की थांबत होते. माणूस आज्ञेपुढे वाकतो त्यापेक्षा चांगल्या कामाला हातभार लावतोय या समजुतीनं जास्त वाकतो, असं काही अभ्यासक यावरून म्हणतात. डिजिटल अरेस्टमध्ये दरडावणाऱ्या पहिल्या माणसानंतर दुसरा ‘वरिष्ठ’ येतो तो यासाठीच. तो समोरच्या बाईंना आई म्हणतो, जेवलात का विचारतो. तुम्ही निर्दोष आहात हे मला दिसतंय, फक्त पैसे पडताळणीसाठी या सरकारी खात्यात ठेवा, तपास संपला की परत. खरी रक्कम इथे जाते. घरच्यांना धमकीचं सांगताना या दुसऱ्या माणसाचं वर्णन आवर्जून करावं. कुठलीही तपास यंत्रणा पडताळणीसाठी पैसे खात्यात मागत नाही.

आता पूर्वग्रहाकडे. तो या प्रकरणात दोन वाटांनी शिरतो.

पहिली वाट धमकीची. ठग बातम्या पाहून बोलतात. दहशतवाद, हवाला, अमली पदार्थ, त्या आठवड्यात जे गाजत असेल ते. आपल्या समाजाकडे आधीच संशयानं पाहिलं जातं असं ज्याला रोजच्या जगण्यात जाणवलेलं असतं, त्याला ही धमकी अधिक खरी वाटणं स्वाभाविक आहे. मीरा रोडच्या नया नगरमधल्या मुसलमान गृहस्थाला ‘तुमचं नाव दहशतवादाच्या प्रकरणात आलंय’ असा फोन आला, तर पोलिस ठाण्यात जाऊन खात्री करण्याचं धैर्य त्याच्याकडे कमी असू शकतं, कारण तिथे आपलं ऐकलं जाईल का याची त्याला खात्री नसते. समाजानं पेरलेल्या पूर्वग्रहाचं पीक इथे चोर कापून नेतो. अशा वेळी एकट्यानं न जाता सोसायटीच्या सचिवाला किंवा ओळखीच्या वकिलाला बरोबर घेऊन ठाण्यात जाणं हाच मार्ग.

दुसरी वाट शेजाऱ्याची. फोन चालू असताना सगळ्यात जवळचा तिसरा माणूस कोण? समोरच्या दाराचा. मीरा-भाईंदरमध्ये तो गुजराती असेल, मारवाडी, मुसलमान, आगरी, उत्तर भारतीय, ख्रिस्ती किंवा कोकणातून आलेला मराठी. २०२५ च्या जुलैत भाषेच्या वादावरून इथे आधी व्यापाऱ्यांचा आणि पाठोपाठ ८ तारखेला मराठी भाषकांचा मोर्चा निघाला, तेव्हा किती घरांमधलं बोलणं तुटलं असेल कोण जाणे. मराठीचा आग्रह हा हक्काचा विषय आहे आणि तो तसाच लढवावा. पण ज्याच्याशी सहा महिने बोलणं नाही, त्याच्या दारावर ऐन घाबरलेल्या क्षणी कोणी टकटक करत नाही, आणि चोराला नेमका तोच अबोला हवा असतो.

मुझफर शेरीफ यांनी १९५४ मध्ये ओक्लाहोमातल्या शिबिरात अकरा-बारा वर्षांच्या मुलांचे दोन गट पाडले. चढाओढ लावताच ते एकमेकांचे झेंडे जाळू लागले. एकत्र सिनेमा दाखवून, एकत्र जेवायला बसवून भांडण मिटलं नाही. शिबिराचं पाणी तुटलं आणि ते दोघांनी मिळून शोधावं लागलं, अशा कामांतून ते निवळत गेलं. पाण्याच्या टँकरसाठी एकत्र धावणाऱ्या मीरा-भाईंदरच्या सोसायट्यांना हे वेगळं सांगायला नको. त्याच धर्तीवर प्रत्येक मजल्यावर दोन घरं ‘दार वाजवा’ म्हणून नेमावीत, दोन वेगवेगळ्या भाषांची किंवा धर्मांची असली तर उत्तमच. वार्षिक सभेत वाहनतळाच्या भांडणाआधी हा विषय घ्यावा.

बँकेकडूनही तिसऱ्या माणसाचं काम करून घेता येतं. हैदराबादमध्ये स्टेट बँकेच्या कर्मचाऱ्यांनी मुदत ठेव मोडायला आलेल्या ज्येष्ठ ग्राहकाची अस्वस्थता ओळखून त्यांना थांबवल्याची बातमी २०२४ मध्ये आली होती. सगळीकडे असा चाणाक्ष कर्मचारी भेटेलच असं नाही. म्हणून नेट बँकिंग आणि यूपीआयची रोजची मर्यादा घरखर्चापुरती कमी करून घ्यावी, मोठ्या ठेवी शक्यतो दोघांच्या सहीनंच मोडता येतील अशा ठेवाव्यात, ॲपवरून ठेव मोडण्याची सोय बंद करता येते का ते शाखेत विचारावं. गैरसोय होईल. ती गैरसोय म्हणजे मिळालेला वेळ आहे.

पैसे गेलेच, तर रडण्याआधी १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा क्रमांक फिरवावा. चोरीचे पैसे काही तासांत खात्यांमागून खात्यांत पळतात, त्याआधी ते गोठवणं शक्य असतं. ओसवालांचे सव्वापाच कोटी पोलिसांना परत मिळवता आले, तेही तक्रार झाली म्हणूनच. व्यवहाराचा क्रमांक, वेळ, समोरच्या खात्याचा तपशील हाताशी ठेवावा, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी, आपल्या बँकेला लेखी कळवावं आणि मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलिस आयुक्तालयाच्या जवळच्या ठाण्यात जावं. चॅट आणि कॉलची नोंद पुसू नये.

इथेच घरच्यांची खरी परीक्षा असते. बऱ्याच जणांचे मौल्यवान तास तक्रारीत न जाता ‘मुलाला काय सांगू’ या भीतीत जातात. बारूख फिशहॉफ यांनी १९७५ मध्ये दाखवलं की एखाद्या घटनेचा शेवट माहीत झाला की तो आधीच दिसत होता असं आपल्याला प्रामाणिकपणे वाटू लागतं. ‘एवढं साधं कळलं नाही?’ हे वाक्य त्या भ्रमातून येतं. परिस्थितीचा दाब आपल्याला दिसत नाही, फक्त माणसाची चूक दिसते, हा आपल्या न्यायबुद्धीचा जुना कल आहे. वडिलांनी सांगितल्यावर मुलानं म्हणावं: बरं झालं सांगितलंत, चला, आधी १९३० ला फोन लावू. बाकीचं महिनाभरानं बोलता येईल, न बोललं तरी चालेल.

राहिली फोनच्या दुसऱ्या टोकाची मुलं. न्यूयॉर्क टाइम्सनं जानेवारी २०१७ मध्ये दिलेली एक हकीकत मीरा रोडच्या प्रत्येक पालकाला माहीत असायला हवी. छाप्याच्या आधी, २०१६ च्या उन्हाळ्यात, तिथल्या सात मजली इमारतीत काम करणाऱ्या दोन एकोणीस वर्षांच्या मित्रांनी वॉशिंग्टनमधल्या ग्राहक संरक्षणाच्या सरकारी कार्यालयात फोन केला आणि आत काय चालतं ते सांगून टाकलं. फोन घेतला बेट्सी ब्रोडर या अधिकारी बाईंनी. मुलानं आपलं नाव ॲडम सांगितलं. बाईंनी त्याला विचारलं, तुझी आजी तुला काय म्हणते? तो म्हणाला, बाबू. आज्ञा पाळणारा माणूस स्वतःला दुसऱ्याच्या इच्छेचं साधन समजू लागतो, असं मिलग्रॅमचं म्हणणं होतं. कॉल सेंटरमधल्या खोट्या नावानं ते काम आणखी सोपं केलं होतं: फसवणारा ॲडम, पगार घेणारा बाबू. एका प्रश्नानं ते दोघं पुन्हा एक झाले.

त्या मुलांनाही पायऱ्यांनीच वर नेलं गेलं होतं. आधी प्रशिक्षण, मग हातात लिहून दिलेलं संभाषण, मग फोन. आजही दहावी-बारावीनंतर ‘रात्रपाळी, रोख पगार, वर कमिशन’ अशी नोकरी चालून येते. घरातल्या मुलानं किंवा मुलीनं मुलाखतीतच विचारावं: कंपनीचं नोंदणीकृत नाव काय? ग्राहक कोण? नेमणूक पत्र आणि भविष्य निर्वाह निधी मिळेल का? फोनवर मी माझं किंवा कंपनीचं खरं नाव सांगू शकेन का? शेवटच्या प्रश्नाला आढेवेढे घेतले तर तिथून निघावं, प्रशिक्षणाचे चार दिवस झाले असले तरी. आणि जो आधीच आत अडकला आहे, त्यानं पुढचा कॉल करायच्या आत काम थांबवावं, घरी सांगावं आणि वकील गाठावा. वकिलाची फी परवडत नसेल, तर राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० हा क्रमांक आहे. तिथून ठाणे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे कसं जायचं ते समजतं, आणि नियमांत बसणाऱ्यांना वकील मोफत मिळतो.